पगार तीस हजार दिरहम, उरतात किती?

गेल्या महिन्यात एका रविवारी माझ्या बहिणीच्या घरी, कोकणनगरला, आम्ही सहा माणसे एका वहीभोवती बसलो होतो. बहिणीचा मुलगा विमानात को-पायलट आहे. मुंबईहून देशातल्या देशात उडणारी त्याची नोकरी. त्याला आखातातल्या एका विमान कंपनीचे पत्र आले होते. पत्रात आकडा होता महिना तीस हजार दिरहम. (त्याचे आणि आणखी काही आकडे मी या लेखापुरते गोल करून घेतले आहेत.) आपाने तो आकडा ऐकला आणि तेवीसने गुणला. सहा लाख नव्वद हजार! तिच्या डोळ्यांपुढे लगेच घराचा वरचा मजला उभा राहिला. तो चार वर्षांपासून नुसत्या सळ्यांवर आहे.

"खाला, तुम्ही गणित शिकवता ना? एकदा मांडून बघा," भाचा म्हणाला. मी शिकवते उर्दू आणि मराठी. पण आमच्या शाळेत शिक्षक कमी पडले की गणिताचा तासही घ्यावा लागतो, म्हणून वही माझ्याकडे आली.

रत्नागिरीच्या मुस्लिम घरात परदेशाचा पगार हा काही नवा विषय नाही. आधी बोटी होत्या. राजिवडा, मिरकरवाडा, जयगड, दाभोळ, बाणकोट, सगळ्या खाडीकाठावरून माणसे मुंबईच्या गोदीत जात आणि बोटीवर चढत. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामे निघाली आणि बोटीवरची पावले तिकडे वळली. आमचे अब्बा त्यातलेच. आधी बोटीवर, मग कुवेतला ड्रायव्हर. आम्ही चार भावंडे आणि अम्मी इथे. अब्बा दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी यायचे. त्यांच्या पगारातून घर झाले, दोन बहिणींची लग्ने झाली, कलमाची बाग झाली. आम्ही समजायचो की कुवेतचा पगार फार मोठा आहे. तो फार मोठा नव्हता. अब्बा एका खोलीत पाच जणांबरोबर राहायचे, स्वतः स्वयंपाक करायचे आणि उरलेले सगळे ड्राफ्टने पाठवायचे. हे मला ती वही मांडताना पहिल्यांदा नीट कळले.

तर वही. डाव्या बाजूला मुंबई, उजव्या बाजूला आखात.

डावी बाजू सोपी. भाच्याचा पगार आपण महिना तीन लाख धरू, म्हणजे वर्षाला छत्तीस लाख. नव्या कररचनेप्रमाणे पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट जाऊन, चोवीस लाखांच्या वरच्या भागावर तीस टक्के, असे धरून सेससकट साधारण सहा लाख त्रेसष्ट हजार कर होतो. हातात महिना दोन लाख पंचेचाळीस हजार. खारघरला भाड्याचे घर पंचेचाळीस हजार, दोन मुलांची शाळा वीस हजार, स्वयंपाकघर, दूध, कामवाली मिळून चाळीस हजार, गाडी पंधरा, वीज-फोन-गॅस दहा, रत्नागिरीला येणे-जाणे, औषधपाणी आणि किरकोळ पंधरा. बेरीज एक लाख पंचेचाळीस हजार. उरले एक लाख. त्यात सुनेचा पगार. ती फिजिओथेरपिस्ट आहे, एका दवाखान्यात पंचेचाळीस हजार मिळतात. म्हणजे घरात एक लाख पंचेचाळीस हजार उरतात. त्यातून कर्जाचा हप्ता पंचावन्न हजार आणि अम्मीला, म्हणजे माझ्या आपाला, पंधरा हजार. शेवटी शिल्लक पंचाहत्तर हजार.

कर्जाबद्दल थांबून सांगायला हवे, कारण वैमानिक व्हायचे म्हणणारी मुले हल्ली माझ्या वर्गातही निघतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, डीजीसीएची क्लास वन वैद्यकीय तपासणी पास व्हावी लागते, मग किमान दोनशे तासांचे उड्डाण आणि पेपर. आपल्या राज्यात बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी शिकायची सोय आहे. हे सगळे झाल्यावर हाती येतो फक्त परवाना, नोकरी नाही. एअरबस किंवा बोइंग चालवायला वेगळे प्रशिक्षण, त्याचे वेगळे लाखो रुपये. भाच्याचे सगळे मिळून सत्तर लाख गेले. दुल्हाभाईंची आखातातली शिल्लक, एका चाचांनी दिलेले कर्जे-हसना, आणि तरीही कमी पडले म्हणून बँक. व्याजाचा पैसा घ्यायचा नाही यावर घरात महिनाभर वाद झाला होता आणि शेवटी घेतला गेला. तो काटा दुल्हाभाईंच्या मनातून अजून गेलेला नाही. लवकर फेडून मोकळे व्हावे, हे परदेशाच्या बाजूने सर्वांत मोठे कारण होते. वरच्या मजल्याचा नंबर त्यानंतर.

आता उजवी बाजू. तिथे पगारावर आयकर नाही, हे सगळ्यांना पाठ असते. पण आयकर नाही म्हणजे देणे नाही असे नव्हे. भाच्याचा एक मित्र दुबईत आहे. त्याला फोन लावून आम्ही एकेक ओळ विचारली. दोन बेडरूमचे घर, फार लांब नाही आणि फार झगमगीतही नाही, वर्षाला एक लाख वीस हजार दिरहम. म्हणजे महिन्याला दहा हजार. पण ते महिन्याला देता येत नाही. वर्षाचे भाडे दोन-चार चेकमध्ये आगाऊ लिहून द्यायचे, वर अनामत आणि दलाली. शिवाय भाड्याच्या पाच टक्के पालिकेचे शुल्क, ते विजेच्या बिलातून कापले जाते. झाले पाचशे. वीज, पाणी आणि थंड हवा बाराशे. दोन मुलांची शाळा, भारतीय अभ्यासक्रमाची, वर्षाला पंचवीस हजार प्रत्येकी, म्हणजे महिना चार हजार दोनशे. इंग्रजी पद्धतीच्या शाळांचे आकडे त्याने सांगितले ते मी वहीत लिहिलेच नाहीत. गाडी अडीच हजार, किराणा आणि भाजी साडेतीन हजार, फोन-इंटरनेट सातशे, कपडे, दवाखान्यातला आपला हिस्सा, पाहुणे असे किरकोळ दीड हजार, आणि वर्षातून एकदा चौघांच्या तिकिटांचे महिन्याला आठशे. शाळेच्या सुट्टीत तिकीट काढणाऱ्यांना ते आठशे कमी वाटतील.

बेरीज चोवीस हजार नऊशे. तीस हजारांतून उरले पाच हजार शंभर दिरहम. तेवीसने गुणले, एक लाख सतरा हजार तीनशे रुपये. त्यातून हप्ता आणि आपाचे पंधरा हजार वजा. शिल्लक सत्तेचाळीस हजार तीनशे.

खोलीत कोणी बोलले नाही. आपाने वही ओढून घेतली आणि स्वतः पुन्हा बेरीज केली. इथे पंचाहत्तर, तिथे सत्तेचाळीस. पगार दुपटीहून जास्त आणि शिल्लक कमी!

"बेरीज चुकली असेल," ती म्हणाली. चुकली नव्हती. एक गोष्ट मात्र गळली होती, ती म्हणजे सून. तिथे तिला काम करायचे तर वेगळी परीक्षा, वेगळा परवाना, आणि मग नोकरी. पहिले वर्ष तरी तिचे पंचेचाळीस हजार शून्य होणार. ही ओळ आपल्याकडे कोणी लिहीतच नाही. पगार पुरुषाचा असतो आणि हिशेब घराचा असतो, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतील.

मग आम्ही पत्राचे दुसरे पान काढले. वैमानिकांच्या नोकरीत खरी गंमत दुसऱ्या पानावर असते. काही मोठ्या कंपन्या राहायला घर देतात किंवा घराचा वेगळा भत्ता देतात, मुलांच्या फीचा ठरावीक मर्यादेपर्यंत भार उचलतात, कुटुंबाची वर्षाची तिकिटे देतात. समजा भाच्याला घर, पालिकेचे शुल्क आणि फी या तीन ओळी कंपनीने दिल्या, तर पाच हजार शंभरच्या जागी एकोणीस हजार आठशे दिरहम उरले असते. म्हणजे साडेचार लाख रुपये! हप्ता आणि आपाचे काढून पावणेचार लाखांच्या वर. आकडा तोच, तीस हजार, आणि शिल्लक आठपट. पण भाच्याच्या पत्रात तीस हजार 'सर्व भत्त्यांसह' होते. मूळ पगार त्यातला निम्मा, पंधरा हजार.

मूळ पगार निम्मा असल्याने आणखी एक गोष्ट बदलते. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला एकवीस दिवसांचा पगार, पुढे तीस दिवसांचा. पण तो पगार म्हणजे मूळ पगार. पाच वर्षांनी भाच्याला साडेबावन्न हजार दिरहम मिळतील. साधारण बारा लाख रुपये. वाईट नाही. पण दुल्हाभाईंनी मनात तीस हजारांवर हिशेब धरला होता, तो निम्म्यावर आला.

माझा भाऊ इथपर्यंत गप्प होता. तो सौदीत सोळा वर्षे होता, दम्मामला. त्यातली शेवटची सात वर्षे कुटुंबासह. त्याचा पगार सहा हजार रियाल. भाभी आणि तीन मुले तिथे होती, आम्हाला वाटायचे मजेत आहेत. जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या कुटुंबावर शुल्क लावले, माणशी महिना शंभर रियाल, दर वर्षी आणखी शंभराने वाढणारे. २०२० मध्ये ते माणशी चारशे झाले. चार माणसांचे आधी चारशे, २०१८ मध्ये आठशे, आणि तेही इकामा नूतनीकरणाच्या वेळी वर्षाचे एकदम. आठशे गुणिले बारा, नऊ हजार सहाशे रियाल. म्हणजे दीड महिन्याहून जास्त पगार त्यातच. त्याच वर्षी जानेवारीत पाच टक्के व्हॅट आला, पेट्रोल आणि वीज महागली. भावाने शाळेचे वर्ष संपताच कुटुंबाला रत्नागिरीला पाठवले.

त्या जूनमध्ये आमच्या शाळेत अशी बरीच मुले आली. इंग्रजी फाडफाड, गणित चांगले, आणि मराठीची बाराखडी नाही. माझा स्वतःचा पुतण्या सातवीत 'मी' आणि 'माझा' यात अडकायचा. मी त्यांना शाळा सुटल्यावर तासभर बसवायची. एक मुलगी मराठीच्या तासाला रोज रडायची, तिला आपण मठ्ठ झालो असे वाटायचे. तिच्या अब्बांनी वाचवलेल्या शुल्काच्या रकमेत हे कुठे धरले असेल?

"पण भाई, तू सोळा वर्षांत कमावलेस ना?" आपाने विचारले.

"पहिल्या नऊ वर्षांत," भाऊ म्हणाला. "एकटा होतो तेव्हा. कुटुंब नेल्यावर सात वर्षांत फक्त जगलो. पण ती सात वर्षे मी मुलांजवळ होतो. ते वाया गेले असे मी म्हणणार नाही."

मी वहीच्या मागच्या पानावर आणखी एक हिशेब मांडला. आमच्या गल्लीतला एक इलेक्ट्रिशियन शारजाला आहे. पगार अठराशे दिरहम, राहायला कंपनीची खोली. जेवणाला साडेचारशे, फोन आणि किरकोळ अडीचशे. घरी पाठवतो अकराशे, म्हणजे पंचवीस हजार तीनशे रुपये. पगाराच्या साठ टक्क्यांहून जास्त! वैमानिक कुटुंबासह राहिला तर शंभरातले सतरा उरतात, इलेक्ट्रिशियनचे एकसष्ट. तो मोठा काटकसरी आहे म्हणून नव्हे. अमिरातीत कुटुंबाचा व्हिसा काढायला निदान चार हजार दिरहम पगार लागतो, किंवा तीन हजार आणि राहायची सोय. अठराशेवाल्याला बायको-मुले नेताच येत नाहीत. त्याची बचत कायद्यानेच होते.

भाच्याने मग तोच प्रश्न विचारला जो मला वाटत होते की तो विचारेल. "आणि मी एकटा गेलो तर?" सुनेने वर पाहिले नाही, ती धाकट्याला भरवत होती. मी मांडले. एका बेडरूमचे घर, वर्षाला बहात्तर हजार, म्हणजे महिना सहा हजार. बाकी सगळे साडेचार हजार. उरतात साडेएकोणीस हजार दिरहम, चार लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे रुपये. त्यातून खारघरचे घर चालवायचे एक लाख पंचेचाळीस हजार. सुनेचे पंचेचाळीस हजार परत आले. हप्ता आणि आपाचे जाऊन शिल्लक दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे. कर्ज दीड-दोन वर्षांत संपेल, अल्लाहने आरोग्य दिले तर.

म्हणजे अब्बांचाच हिशेब. पन्नास वर्षांत विमान आले, पगार लाखांत गेला, पण पैसा उरायची जागा तीच राहिली. नवरा तिकडे, घर इकडे. अब्बा कुवेतला खोलीत भात शिजवत होते म्हणून आमचे घर झाले. मी दहा वर्षांची होईपर्यंत अब्बांबरोबर सलग शंभर दिवसही राहिले नव्हते. हे मी त्या खोलीत बोलले नाही. भाऊ माझ्याकडे बघत होता, त्यालाही तेच आठवले असावे.

अब्बांचा शेवटचा हिशेब तर वेगळाच झाला. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतले. अब्बांची शिल्लक तिथल्या बँकेत आणि थोडी दिनारच्या नोटांत होती. एका आठवड्यात त्या नोटांना कोणी हात लावेना. ते बगदादवरून वाळवंटातून जॉर्डनला, अम्मानला पोचले आणि एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. १३ ऑगस्टपासून ११ ऑक्टोबरपर्यंत ४८८ फेऱ्यांनी लाखाहून जास्त भारतीय परत आणले गेले. अब्बा एका हँडबॅगेसह आले. काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांमार्फत भरपाई मिळाली, पण तोवर बागेतला अर्धा भाग विकला गेला होता. भाचा लहानपणी नानांकडून त्या विमानाची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायचा. त्याला पायलट व्हायचे वेड तिथूनच लागले असे आपा म्हणते.

नोकरीच जाण्याची ओळ हिशेबात धरायची कशी? १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची उड्डाणे थांबली तेव्हा इथले वैमानिक घरी बसले. २०२० च्या महामारीत आखातातल्या मोठमोठ्या कंपन्यांनीही वैमानिक कमी केले. फरक एवढाच की इथे नोकरी गेली तर घर राहते. तिथे नोकरीबरोबर व्हिसा जातो, ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी शोधायची किंवा मुलांना अर्ध्या वर्षातून उचलून आणायचे. शिवाय वैमानिकाचा परवाना त्याच्या डोळ्यांवर, कानांवर आणि रक्तदाबावर अवलंबून. दर वर्षी तपासणी, पुढे वय वाढले की सहा महिन्यांनी. परवाना जाण्याचा विमा मिळतो. तो कंपनी देते की आपण काढायचा, हेही दुसऱ्या पानावर बघायचे.

उलट बाजूही भाच्याने सांगितली, ती मला माहीत नव्हती. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे विमाने झपाट्याने वाढली आणि कॅप्टन कमी पडले, तेव्हा भारतीय कंपन्यांनी परदेशी वैमानिक आणले. त्यांना हॉटेल, सलग सुट्ट्या आणि घरी जायची तिकिटे असायची, आणि शेजारी बसलेल्या आपल्या पोरांना त्याचा राग यायचा. म्हणजे परदेशी माणसाला घरापासून दूर राहण्याचे दाम मिळते ही रीत सगळीकडे आहे. प्रश्न एवढाच की ते दाम पत्रात लिहिलेले आहे की नाही.

त्याहून महत्त्वाचे त्याने शेवटी सांगितले, जवळजवळ पुटपुटत. कॅप्टन होण्याची रांग प्रत्येक कंपनीत ज्येष्ठतेने लागते. इथे तो वर्ष-दीड वर्षात कॅप्टन होईल. तिथे गेला तर रांगेच्या शेवटी. इथला कॅप्टनचा पगार सहा लाख धरला, तर अधिभार आणि सेससकट कर जाऊन हातात चार लाख पस्तीस हजारांच्या आसपास पडतात. म्हणजे आत्ताच्यापेक्षा महिना एक लाख नव्वद हजार जास्त, खारघरला राहून, सुनेच्या नोकरीसकट. "मग हे आधी का नाही सांगितलेस?" मी विचारले. तो म्हणाला, "अम्मीला वरचा मजला हवाय."

आणखी दोन गोष्टी घाईत सांगते, कारण पत्रे बऱ्याच घरांत येतात. डीजीसीएच्या नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते, तेव्हा 'पुढच्या महिन्यात रुजू व्हा' म्हणणाऱ्या कंपनीला आधी हे विचारा. आणि ज्या आर्थिक वर्षात माणूस १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला, त्या वर्षी तो करासाठी इथला निवासीच असतो, परदेशातला पगारही इथल्या हिशेबात येतो. डिसेंबरात जाणाऱ्यांना हे मार्चमध्ये कळते. जे वैमानिक नाहीत त्यांच्यासाठी: नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि जीएसटी, यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. आणि दहावी पास मुलाच्या पासपोर्टवर ईसीआरची अट राहत नाही. मी दर वर्षी दहावीच्या वर्गात हे फळ्यावर लिहिते. नापास होऊन 'दुबईला जाईन' म्हणणारे तेवढ्यापुरते तरी गप्प होतात.

भाच्याने कंपनीला दोन प्रश्न लिहून पाठवले, घराचा भत्ता वेगळा मिळेल का आणि फी कधीपासून. उत्तर आले. भत्ता नाही, फीचा काही भाग तिसऱ्या वर्षापासून. होकार कळवायची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे.

वहीचे ते पान आपाने फाडून फ्रिजवर चुंबकाखाली लावले आहे. परवा मी गेले तेव्हा त्यावर दोन नव्या ओळी होत्या. उजव्या बाजूला आपाच्या अक्षरात, उर्दूत: 'स्लॅब, नऊ लाख.' आणि त्याखाली सुनेच्या बारीक मराठी अक्षरात: 'अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन, मार्च. रजा कोण घेणार?'